सहा इंची आरसा: फूको टेस्टमध्ये फरक निम्माच येतोय

कोपरीकर
नमस्कार मंडळी. दुर्बिणीसाठीचा सहा इंची, एफ/८ (नाभीय अंतर व्यासाच्या आठपट) आरसा पॉलिश करून झालाय, आता त्याचा गोलसर खोलगटपणा पॅराबोलाच्या आकाराचा करतोय. तपासायला फूको टेस्ट: आरशाच्या वक्रता केंद्राजवळ एलईडी आणि ब्लेड ठेवायचं, ब्लेडने परतलेला प्रकाश कापत आरशावरची सावली बघायची आणि प्रत्येक पट्ट्यासाठी ब्लेडची जागा वाचायची. आमच्या कोपरीच्या घरात २४०० मिमी सरळ अंतर एकच मिळतं, ओट्यापासून हॉलमधल्या शोकेसपर्यंत. म्हणून टेस्ट रात्री भांडी आवरल्यावरच.

मध्यभाग आणि ७० मिमी त्रिज्येचा पट्टा यांच्या वाचनातला फरक त्रिज्येचा वर्ग भागिले वक्रता त्रिज्या, म्हणजे ४९०० भागिले २४००, २.०४ मिमी यायला हवा ना? माझा काल ०.८ आला, परवा १.४. म्हणजे अजून निम्मं काम बाकी? आज परत पिच (पॉलिशिंगचं डांबरासारखं राळ) तापवायला घेतोय.

नेरूळचा घासू
थांबा, पिच खाली ठेवा! एलईडी जागेवर स्थिर आहे की ब्लेडबरोबर सरकतो?

कोपरीकर
सरकतो. दोन्ही एकाच पट्टीवर.

नेरूळचा घासू
मग लागणारा फरक निम्मा, १.०२. तुमचं सूत्र स्थिर दिव्याचं आहे. मीही हेच करून एक चांगला आरसा अति-दुरुस्त, म्हणजे पॅराबोलाच्याही पलीकडे नेऊन ठेवला होता, परत गोल करायला तीन रविवार गेले.

जुनाजाणता
०.८ आणि १.४ ही तफावत मात्र काचेची नाही, घाईची. पॉलिशिंगनंतर धुऊन लगेच स्टँडवर ठेवता का? मे महिन्यातल्या ठाण्यात निदान दोन तास तरी थांबा. पंखा बंद, फ्रिजही तेवढ्यापुरता बंद, नाहीतर सावली थरथरते. एक गंमत करून बघा: अंगठा काचेवर दहा सेकंद दाबून लगेच ब्लेडमागून बघा. तिथे टेंगूळ उठलेलं दिसेल आणि हळूहळू विरेल. हाताची ऊब एवढी कळते, मग नुकत्याच घासलेल्या काचेचं काय घेऊन बसलात.

कोपरीकर
अंगठ्याचं केलं! अगदी गूळ चिकटल्यासारखं टेंगूळ, पाचेक मिनिटांनी गेलं. आई म्हणाली, आता आरशाला नजर लागली.

आज पहाटे पाचला, पहिल्या गाड्यांची धडधड वाढायच्या आत, चार वाचनं घेतली: १.०५, १.००, १.०४, १.०६. कडेला अगदी बारीक उतार दिसतोय, दीडेक मिमीचा.

नेरूळचा घासू
सरासरी १.०४. उतार काळ्या कागदाच्या रिंगने झाका आणि आरसा ॲल्युमिनियमच्या लेपाला पाठवा. पिच पुढच्या आरशासाठी ठेवा.

कोपरीकर
आठ इंचीची काच आणलीय, पलंगाखाली आहे. घरी अजून सांगितलेलं नाही.