विजेनंतर कॅल्शियम

एकांनी विचारलंय, हृदयात वीज फिरते हे समजलं, पण विजेने स्नायू आकसतो कसा? वीज फक्त निरोप आणते. पुढचं काम कॅल्शियमचं.

पेशीच्या पडद्यावरचा विद्युतदाब बदलला की तिथली कॅल्शियमची दारं उघडतात आणि थोडंसं कॅल्शियम आत शिरतं. तेवढ्याने भागत नाही, पण ते पेशीतल्या साठ्याचं कुलूप उघडतं आणि मग भरपूर कॅल्शियम सुटतं. ते ट्रोपोनिन या प्रथिनाला चिकटतं, अ‍ॅक्टिनच्या तंतूवरची झाकलेली जागा मोकळी होते आणि मायोसिन हा दुसरा तंतू तिथे पकडून ओढतो. कॅल्शियम परत उपसलं गेलं की स्नायू सैल. मिनिटाला सत्तरेक वेळा, जन्मभर!

हे कसं उमगलं, तो किस्सा मला फार आवडतो. लंडनमध्ये सिडनी रिंगर नावाचे डॉक्टर बेडकाचं हृदय काढून मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवत. पुढे लक्षात आलं की ते पाणी चक्क नळाचं होतं. ऊर्ध्वपातित, म्हणजे वाफ करून शुद्ध केलेलं, पाणी घेतल्यावर ठोके क्षीण होत थांबले. फरक होता नळाच्या पाण्यातल्या कॅल्शियमचा. हे त्यांनी १८८३ साली प्रसिद्ध केलं. सलाईनच्या बाटलीवर 'रिंगर लॅक्टेट' लिहिलेलं असतं ना, ते हेच रिंगर.

आणि ईसीजी हातात आला तर पहिल्या बुटक्या उंचवट्यानंतरची सपाट रेघ बघा. हृदयाचे वरचे कप्पे खालच्या कप्प्यांत रिकामे व्हावेत म्हणून विजेचा निरोप तिथे क्षणभर अडवलेला असतो.