अनुभव धागा : हुतात्मा, शहीद, वीरमरण... हे शब्द तुमच्या घरात कसे आले?

मंडळी, मी तीसेक वर्षं एका दैनिकात मुद्रितशोधक होतो. सीमेवर आपला जवान गेल्याची बातमी काही दिवसांनी यायचीच, आणि दर वेळी गाडी शब्दावर अडायची. बातमीदार 'शहीद' लिहून पाठवायचा. उपसंपादक त्याचं 'हुतात्मा' करायचा. मथळ्यात बसेना की 'जवानास वीरमरण'. 'हौतात्म्य' तर बरेच जण 'हुतात्म्य' असंच लिहायचे, ते मी मुकाट्याने दुरुस्त करायचो.

एका रात्री असाच मथळा लावून पान सोडलं. दुसऱ्या दिवशी दुपारी कार्यालयात फोन आला, तो नेमका मी उचलला. त्या जवानाचे वडील होते. मला वाटलं, नावात चूक झाली असेल. त्यांनी विचारलं, "साहेब, तुम्ही वीरमरण लिहिलंय. म्हणजे तो लगेच गेला ना? की पडून होता?"

मला काही सांगता आलं नाही. शब्द मीच निवडला होता. म्हणून हा धागा. व्युत्पत्ती, व्याकरण, घरातल्या आठवणी, काहीही लिहा. फक्त स्वतःचं लिहा.

रानजाई

माझा भाऊ काश्मीरमध्ये गेला, त्याला आता बरीच वर्षं झाली. त्या आठवड्यात गावात किती शब्द आले ते सांगते. फाट्यावरच्या फ्लेक्सवर 'शहीद जवान अमर रहे'. शाळेच्या फळ्यावर 'हुतात्मा'. शोकसभेत सरपंच म्हणाले, 'धारातीर्थी पडला'. तलवारीची धार हेच तीर्थ, असा त्याचा अर्थ मला तेव्हा माहीत नव्हता. मला आपलं पाणी डोळ्यांपुढे यायचं.

युनिटकडून जो कागद आला त्यावर यातलं एकही अक्षर नव्हतं. त्यावर होतं 'बॅटल कॅज्युअल्टी'.

पुढे वहिनी एका कचेरीत कामासाठी गेली. खिडकीतल्या माणसाने 'शहीद असल्याचा दाखला' मागितला. तीन खेपा झाल्या. उन्हाचे दिवस, कडेवर दीड वर्षाचं पोर. शेवटी एका निवृत्त सुभेदारांनी तिला बसवून पाणी दिलं आणि सांगितलं, "ताई, असा दाखलाच नसतो. सरकारी कागदात शहीद हा शब्दच नाही. तुझ्याकडे आहे तोच कागद खरा." पुढे २०२२ मध्ये लष्कराने आपल्या सगळ्या कमांडना तसं लेखी कळवल्याची बातमी वाचली, की जवानांसाठी 'मार्टर' हा शब्द योग्य नाही, 'सर्वोच्च बलिदान' असं काही म्हणावं. ती बातमी मी कापून वहिनीला दिली. तिने ती त्याच फाइलीत ठेवली.

आईने यातला एकही शब्द आजवर उच्चारलेला नाही. कोणी विचारलं तर म्हणते, "तो ड्यूटीवर राहिला."

अनुस्वार

शाळेत संस्कृत शिकवतो. 'हौतात्म्य' शिकवताना मी मुलांना भिंतीवरचं कॅलेंडर काढायला लावतो. फाल्गुन पौर्णिमेच्या चौकोनात 'हुताशनी पौर्णिमा' छापलेलं सापडतं. हुत म्हणजे अग्नीत अर्पण केलेलं. ते खाणारा तो हुताशन, अग्नी. ज्याने स्वतःलाच अर्पण केलं तो हुतात्मा. मग महात्माचं माहात्म्य होतं तसं हुतात्माचं हौतात्म्य, पहिला स्वर वाढतो. एवढं सांगितलं की चूक पुन्हा होत नाही. सावरकरांनी मराठीला दिलेल्या शब्दांत हा शब्द गणला जातो, तेही सांगतो.

गेल्या वर्षी सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "सर, होळीत लाकूड स्वतः उडी मारतं का?"

तास संपला होता. पण तास संपला म्हणून मी उत्तर दिलं नाही, असं नाही.

सिद्धेश्वर_पेठ

आम्हा सोलापूरकरांना हुतात्मा म्हणजे आधी गाडी. सकाळी हुतात्माने पुण्याला जायचं, रात्री हुतात्माने परत. लहानपणी स्टेशनवर फलाटावरून मी ओरडलो, "हुतात्मा लेट आहे!" आजोबांनी माझा हात घट्ट धरला. "गाडी लेट आहे, असं म्हण."

मग बाकावर बसवून चार नावं म्हणायला लावली. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला या चौघांना येरवड्यात फाशी दिली. गाडी येईपर्यंत मी ती नावं म्हणत होतो. कुर्बान हुसेन म्हणताना आजोबा एकदा थांबले आणि म्हणाले, "कुर्बान म्हणजेही तेच." पुण्याला पोचेपर्यंत मी याचाच विचार करत होतो.

चक्की_नाका

आमच्या गावात ३० जानेवारीला सकाळी ११ ला भोंगा होतो. गिरणीवाले काका मोटर बंद करून पिठाच्या हातांनीच उभे राहतात. दोन मिनिटं. एवढंच माहीत आहे मला हुतात्मा दिनाबद्दल, पण ते पक्कं माहीत आहे.

मांजरा

लातूरकडची मी. आमच्या घरात शहीद हा शब्द फौजेमुळे आला नाही, खालामुळे आला. खाला म्हणजे मावशी. ती बाळंतपणात गेली तेव्हा नानी रडत होती, पण प्रत्येक येणाऱ्या बाईला सांगत होती, "ती शहीद आहे." मी दहा वर्षांची होते. मला वाटलं, दुःखाने बोलतेय. नंतर कळलं की हदीसमध्ये तसं आहेच. बाळंतपणात गेलेली बाई, बुडून मेलेला, पोटाच्या आजाराने, साथीत, पडक्या घराखाली गेलेला, या सगळ्यांना तो दर्जा आहे. १९९३ च्या सप्टेंबरात किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा नानीने ढिगाऱ्याखाली गेलेल्या सगळ्यांसाठी हाच शब्द वापरला. शेजारच्या पाटलांच्या लेकरांसाठीसुद्धा. तिला कोणी अडवलं नाही.

अरबीत शहीदचं मूळ 'साक्ष' असं आहे. शहादत म्हणजे साक्षही आणि हौतात्म्यही. खालाने कसली साक्ष दिली, ते मला मी स्वतः बाळंत झाले तेव्हा कळलं.

पापडी_तलाव

मांजराताई, वसईच्या आम्हा ख्रिस्ती लोकांत 'रक्तसाक्षी' म्हणतात. जपानमध्ये नागासाकीला ५ फेब्रुवारी १५९७ रोजी क्रुसावर मारले गेलेले संत गोन्सालो गार्सिया मूळचे वसईचे, आमचे रक्तसाक्षी. 'मार्टर'चं ग्रीक मूळही साक्षीदार असंच आहे. तुमचा आणि आमचा शब्द आतून एकच निघाला, हे आज तुमच्यामुळे कळलं. आईला वाचून दाखवलं.

लालबाग_१२

आजोबा गिरणी कामगार. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात, जानेवारी १९५६ मध्ये, पोलिसांची गोळी मांडीत शिरली. शेजारी धावणारा माणूस तिथेच गेला. आजोबांना त्याचं नाव माहीत नव्हतं, फक्त त्याच्या सदऱ्याचं वरचं बटण तुटलेलं होतं एवढं आठवायचं.

दर १ मे ला ते हुतात्मा चौकात जायचे. बसमध्ये सगळे फाउंटन म्हणायचे, हे मात्र कंडक्टरला हुतात्मा चौकच सांगायचे. त्या लढ्यातल्या हुतात्म्यांचा आकडा तुम्ही पाहिला असेल, कुठे १०५, कुठे १०६, कुठे १०७. लोक त्यावरून वाद घालतात. आजोबा वाद घालायचे नाहीत. वर्तमानपत्रात आकडा एकाने वाढलेला दिसला की म्हणायचे, "बघ, आणखी एक सापडला."

गोळी खाऊन वाचलेल्याला काय म्हणायचं, हा शब्द कोणाकडे असेल तर सांगा. ते पुढे बावीस वर्षं लंगडत कामावर गेले.

दोर

अनुस्वार सर, तुमच्या त्या विद्यार्थिनीला माझा नमस्कार सांगा.

माझा धाकटा भाऊ ड्रेनेजच्या चेंबरमध्ये गेला. पेपरात आलं, 'गुदमरून बळी'. श्रद्धांजली सभेत एक पुढारी म्हणाले की हे स्वच्छतेचे हुतात्मे आहेत, आणि टाळ्या पडल्या. मी तिथून उठून बाहेर आलो. लोकांना वाटलं, रडायला गेला.

आहुती कोणीतरी स्वतः देतं. माझ्या भावाने काही दिलं नाही. मुकादम म्हणाला उतर, तो उतरला. दोर होता, मास्क नव्हता. माणसाला असं उतरवणं २०१३ च्या कायद्याने बंद आहे. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने अशा मृत्यूला १० लाख भरपाई ठरवली आणि २०२३ च्या ऑक्टोबरात ती ३० लाख केली. हे सगळे आकडे मला पाठ आहेत, कारण ते मागायला मीच फिरलो. हुतात्मा म्हटलं की मागणं संपतं. हार घातला की कोणी विचारत नाही, मास्क का नव्हता. मला त्याच्यासाठी 'बळी' हाच शब्द हवा. बळी म्हटलं की घेणारा कोण, हा प्रश्न उरतो.

रानजाईताई, तुमच्या भावाबद्दल माझं असं म्हणणं नाही. तो समजून उमजून गेला होता.

रानजाई

दोर दादा, कळलं मला. वाईट वाटून घेऊ नका.

धागाकर्ते काका, एक विचारायचं होतं. त्या बाबांना पुन्हा फोन केलात का? आमच्या घरी असं कोणी विचारायला आलं असतं तर आईने आधी जेवायला वाढलं असतं.

धागाकर्ता

नाही केला. नंबर त्या वर्षीच्या डायरीत लिहून ठेवला होता. डायरी माळ्यावर आहे. उद्या मुलाला शिडी धरायला सांगतो.