कोकणातला गाळ मराठवाड्यात कशाला? नाथसागर आहे की!

गोदाकाठ:
तळजीवांचा (पाण्याच्या तळाच्या गाळात राहणाऱ्या जीवांचा) प्रकल्प म्हटलं की आपल्याकडची कॉलेजं कोकणची गाडी काढतात. पैठणला नाथसागर, जायकवाडीचा जलाशय, असताना? तिथल्या गाळात लाल कायरोनोमस अळ्या, ट्युबिफेक्स किडे, गोगलगायी, शिंपले सगळं मिळतं. चाळायचं तंत्र तेच. किनाऱ्याचा गाळ इथं येईस्तोवर सडतो, मग पोरं लगदा मोजत बसतात.

लातूरकर:
सडतो कारण अख्खा गाळ डब्यात भरून आणतात! ०.१ चौ. मीटरचा ग्रॅब (तळाचा गाळ उचलायचा जबडा) १० सेंमी खोल गेला तर १० लिटर गाळ. तीन ग्रॅबचे ३० लिटर कोण वाहणार? तिथंच ०.५ मिमीच्या चाळणीत धुवायचं आणि वर उरलेलंच आणायचं. पाणी समुद्राचंच हवं. नळाच्या पाण्यात मऊ पॉलिकीट (समुद्री केसाळ किडे) फुगून फुटतात. चाळणी टबात बुडवून हलवायची, वरून धार सोडायची नाही. मग नमुना टिकवायला १०० मिली बाजारी फॉर्मेलिन, ९०० मिली समुद्राचं पाणी, आम्लता मारायला बोरॅक्स (नाहीतर शिंपल्यांची कवचं विरघळतात) आणि चिमूटभर रोज बेंगॉल हा रंग. जीव गुलाबी होतात, कचऱ्यातून वेचणं सोपं.
आणि शूलचर्मी (तारामासे वगैरे), किनोरिंका (बारीक समुद्री जीव) हे गट गोड्या पाण्यात नाहीतच. ते नाथसागरात कुठून दाखवणार?

गोदाकाठ:
किनोरिंका ०.५ च्या चाळणीवर राहतात होय? ते मायोफॉना, म्हणजे अगदी बारीक तळजीव, ६३ मायक्रॉनची चाळणी लागते. ती कितीजणांकडे आहे? बहुतेक ठिकाणी १ मिमीचीच.

लातूरकर:
किनोरिंकाचं बरोबर, माझीच गल्लत. पण १ मिमीत पॉलिकीटांची पिल्लंही निसटतात, मग संख्या खोटी येते.

खाडीवाला:
दोघांचंही एक राहिलं. जिवंत किडे चाळताना वळवळत जाळीतून खाली उतरतात. समुद्री किड्यांना आधी गोड्या पाण्यात मॅग्नेशियम क्लोराइड टाकून (लिटरला ७३ ग्रॅम, स्फटिक) गुंगी आणा. जनुकं तपासायची असतील तर फॉर्मेलिन नकोच, ९५ टक्के अल्कोहोल.
नाथसागराचीही एक मेख आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठावर गाळपेर होते, म्हणजे उघड्या पडलेल्या गाळात पीक घेतात. नांगरलेल्या, खत टाकलेल्या जागेचा नमुना तळ्याचा म्हणून खपवू नका.

गोदाकाठ:
गाळपेरीचं मान्य. तरी हात आधी पैठणला बसवा, कोकण पुढच्या वर्षी. आणि बी.एस्सी.ला कुळापर्यंत ओळख पुरे, जातीचा हट्ट नको.

लातूरकर:
कुळ चालेल. पण कॅपिटेलिडी हे पॉलिकीटांचं कुळ ओळखता आलंच पाहिजे. सेंद्रिय घाण साचली की तेच फोफावतं. बारीक असतं, तुमच्या १ मिमीतून पहिलं तेच जाईल.