रिबाँडिंग केलेले आखूड केस, मुळाशी कुरळे. बांधायचे कसे?

ठाणेकर_मुलगी

माझे केस मुळात कुरळे, आईच्या माहेरच्या सगळ्या बायकांसारखे. लग्नाआधी रिबाँडिंग केलं, म्हणजे रसायन लावून केस कायमचे सरळ करून घेतले, नंतर दोनदा मुळांना टचअप. शेवटच्या वेळी, जानेवारीत, पार्लरमध्ये क्रीम जुन्या सरळ केसांवरही ओढलं गेलं. पंधरा दिवसांत उशीवर केसांचे तुकडे दिसू लागले. मुळासकट गळलेले नाहीत, मधूनच तुटलेले. फेब्रुवारीत कानाच्या पाळीपर्यंत कापून टाकले.

आता जुलै. वर अडीच इंच कुरळे, खाली दोन इंच काडीसारखे सरळ. दोन्ही जिथे जुळतात तिथे कंगवा अडकतो आणि बारीक ‘टच्’ असा आवाज येतो. तो आवाज ऐकला की पोटात गोळा येतो.

स्कूटरवरून कामाला जाते, त्यामुळे हेल्मेट आणि पाऊस चुकत नाही. रबरबँडमध्ये मागचे केस येतात, पुढचे सुटतात. डिसेंबरमध्ये भावाचं लग्न आहे. आई म्हणते, एकदाच स्मूदनिंग करून घे. मला आता डोक्याला काहीच लावून घ्यायचं नाही, पण उरलेले सरळ केस कापून मुलासारखं दिसायचा धीरही होत नाही. एवढ्याशा केसांना सांभाळणारी एखादी बांधणी आहे का?

ह्यूस्टनहून_सुनबाई

आहे गं. मी ती माझ्या सासूबाईंकडून शिकले. नवरा आफ्रिकन-अमेरिकन, मुलगी आठ वर्षांची, आणि तिचे केस माझ्या कंगव्याला पहिली दोन वर्षं दादच देत नव्हते. सासूबाईंनी नोकरीची सगळी वर्षं दर सहा-आठ आठवड्यांनी रिलॅक्सर, म्हणजे केस सरळ करणारं क्रीम लावलं. सरळ केसांशिवाय ऑफिसात नीटनेटकं मानायचे नाहीत. निवृत्त झाल्यावर त्यांनी ते सोडलं, आणि तुझ्यासारखेच दोन जातींचे केस घेऊन दीड वर्ष काढलं. (इथे टेक्ससमध्ये सप्टेंबर २०२३ पासून क्राउन कायदा आहे. वेण्या, पिळे, लॉक्स (जटा) यांवरून शाळेत किंवा कामावर भेदभाव करता येत नाही. सासूबाई म्हणाल्या, माझ्या वेळी हवा होता.)

त्यांची पद्धत सांगते. केसाचं टोक हा त्याचा सगळ्यात जुना भाग. कॉलर, उशी, हेल्मेट, सगळीकडे तेच घासतं. म्हणून टोकं आत लपवायची आणि आठवडाभर केसांना हात लावायचा नाही. इथे याला प्रोटेक्टिव्ह स्टाइल म्हणतात.

तुझ्या लांबीला डोक्याला चिकटून घातलेले पिळे, म्हणजे फ्लॅट ट्विस्ट, उत्तम. केस ओलसर हवेत, निथळते नकोत. कपाळापासून मानेपर्यंत सहा भांग पाड. प्रत्येक पट्ट्यात कपाळाशी दोन बारीक पेड घे, एकावर एक टाक, आणि प्रत्येक वेढ्याला खालचे थोडे केस त्यात मिसळत मागे जा. सागरवेणीत केस घेत जातो ना, तसंच, फक्त तीनऐवजी दोन पेड. कॉर्नरोज म्हणजेही तशीच डोक्याला चिकटलेली बारीक तिपेडी वेणी, पण पेड वरून न टाकता खालून घेतात, म्हणून ती उठून दिसते. तुला सध्या पिळाच बरा, सोडताना कुरळ्या-सरळ केसांच्या जोडावर ओढ कमी बसते.

मानेपाशी सरळ टोकं निसटतील. ती शेजारच्या पिळ्याखाली सरकवून साधी पिन लाव, किंवा स्पंजच्या लहान रोलरवर गुंडाळून रात्रभर ठेव. सकाळी तीही वरच्यासारखी वळतात, दोन जाती चटकन ओळखू येत नाहीत.

उशीला साटीनची खोळ घाल. मी जुन्या परकराची शिवली. हेल्मेटखालीही साटीनचाच रुमाल बांध, सुती कापड ओलावा ओढून घेतं. सहा-सात दिवसांनी बोटांना तेल लावून पिळे टोकाकडून मुळाकडे सोड. त्या दिवशी हातात मूठभर केस येतील, घाबरू नकोस. रोज पन्नास ते शंभर केस असेही गळतातच, आठवड्याचे एकदम निघतात. नकली केस जोडलेल्या लांब वेण्या मात्र आत्ता नको. त्यांचं वजन थेट त्या जोडावर येईल.

कोल्हापूर_पार्लरवाली

एकोणीस वर्षं हेच काम करते. पोरी, रिबाँडिंग झालेला केस परत कुरळा होत नाही. कुठलंही तेल, कुठलाही मास्क तो वळवू शकत नाही. नवा येईल तेवढाच तुझा. महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर.

आणखी एक, नेटवर परदेशी रिलॅक्सर बघून मागवू नकोस. आपल्याकडच्या रिबाँडिंगमध्ये थायोग्लायकोलेट असतं, त्या रिलॅक्सरमध्ये बहुतेक वेळा सोडियम हायड्रॉक्साइड. एकावर दुसरं गेलं की केस हातात येतो. मी असं डोकं पाहिलंय, पंचविशीतली मुलगी होती, खुर्चीत बसून रडली. मलाही रडू आलं.

बांधताना कानशिलांकडे लक्ष ठेव. भुवया वर ओढल्यासारख्या वाटल्या, किंवा मुळाशी बारीक पुळ्या आल्या, तर पिळा घट्ट झालाय. रात्रीच सोड, सकाळची वाट बघू नकोस. नाचाच्या क्लासच्या मुलींचे रोज आवळून बांधलेले अंबाडे बघते, विशीतच कपाळ मागे सरकलेलं. ओढ वर्षानुवर्षं राहिली तर तिथे पुन्हा केस येत नाहीत.

धुण्याआधी खोबरेल तेल तासभर लाव. धुताना केसातली प्रथिनं कमी निघून जातात, मुंबईच्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रयोग करून ते छापलंय. आणि ते सरळ केस एकदम कापू नकोस, दर सहा आठवड्यांनी अर्धा इंच घे.

ठाणेकर_मुलगी

तीन आठवडे करून मग लिहितेय. पहिल्या रविवारी दोन तास लागले, भांग वाकडे, हात भरून आले. दुसऱ्या रविवारी आईच मागे येऊन बसली. म्हणाली, तुझी आज्जी माझ्या वेण्या अशाच घालायची, सुटायच्या म्हणून पाणी लावून. तिने मागचे तीन पिळे घातले, माझ्यापेक्षा सरळ. स्मूदनिंगचा विषय नंतर निघाला नाही.

कंगवा सोडलाय, आधी बोटांनी आणि मग मोठ्या दाताच्या फणीने, टोकाकडून. तो आवाज अजून येतो, पण सगळ्या डोक्यात मिळून एक-दोनदा. उशी स्वच्छ असते.

आता लग्नाचं. डिसेंबरपर्यंत कुरळे पाच इंच होतील, म्हणजे सगळे सरळ तोवर कापून होतील. पण गजरा माळायला अंबाडा लागतो ना? आईला गजरा हवाच आहे.

कोल्हापूर_पार्लरवाली

अंबाडा लागत नाही. पुढून मागे पिळे घाल, मानेच्या वर चार बोटांवर दोन आडवे पिळे एकमेकांवर ठेव आणि गजऱ्याचा दोरा त्यांच्यामधून ओवून यू-पिनांनी अडकव. पिन पिळ्यात जाऊ दे, डोक्याच्या कातडीला टेकू देऊ नकोस. गजरा मोगऱ्याचा हलका घे. आदल्या रविवारी एकदा आईकडून करून बघ, फोटो टाक.