सहा-पल्स ड्राइव्हचे हार्मोनिक करंट कसे काढायचे?

पॅनेलवाला: ट्रान्सफॉर्मर ५०० केव्हीए, ११/०.४३३ केव्ही, इम्पीडन्स ४.५%. त्यावर ७५ किलोवॉटचे तीन व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारे, सहा डायोडच्या ब्रिजचे ड्राइव्ह), डीसी चोक (करंट सपाट करणारी कॉइल) ३%. शिवाय २२५ केव्हीएआरचं एपीएफसी (पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणारं कपॅसिटरचं पॅनेल), साधे ४४० व्होल्टचे कपॅसिटर. फुल लोडला तिन्ही ड्राइव्हचा फंडामेंटल (५० हर्ट्झचा मूळ करंट) ३३९ अँपिअर. त्याला हार्मोनिकच्या (५० हर्ट्झच्या पटीतल्या करंटच्या) क्रमांकाने भागलं की पाचवा ६८ आणि सातवा ४८ येतो. हेच आकडे धरू का?

डायोडब्रिज: पाचव्यासाठी अजिबात नको. तो नियम डीसी करंट सपाट मानतो; मोठा इंडक्टर असलेल्या थायरिस्टर कन्व्हर्टरला तो चालतो. व्हीएफडीत ब्रिजमागे कपॅसिटर असतात, त्यामुळे करंट फक्त व्होल्टेजच्या माथ्याशी ओढला जातो. स्कोपवर प्रत्येक अर्ध्या सायकलला दोन उंच टोकं दिसतात. चोक नसेल तर पाचवा फंडामेंटलच्या ६० ते ८०% जातो. ३% चोकवर पाचवा ४०, सातवा १५% धरा, म्हणजे १३६ आणि ५१ अँपिअर. कमी लोडला टक्के वाढतात, अँपिअर मात्र घटतात. म्हणून डिझाइन फुल लोडच्या अँपिअरवरच करा. उत्पादकाचा तक्ता मिळाला तर तोच वापरा.

फीडर११: आता या करंटमुळे होणारी व्होल्टेजची विकृती. ट्रान्सफॉर्मरची रिअ‍ॅक्टन्स ०.०१६९ ओहम. पाचव्याला १३६ × ५ × ०.०१६९ म्हणजे ११.५ व्होल्ट, २५० व्होल्टच्या फेजवर ४.६%. सातव्याचे ६ व्होल्ट, २.४%. वर्गांच्या बेरजेचं मूळ काढलं की एकूण ५.२%. एकसारख्या ड्राइव्हचा पाचवा जवळजवळ सरळ बेरजेत येतो. अकराव्यापासून पुढे कोन विखुरतात, तिथे सरळ बेरीज जास्त आकडा दाखवते. पण हा सगळा हिशोब कपॅसिटर बंद असतानाचा!

डायोडब्रिज: आणि खरा धोका तिथेच आहे. शॉर्टसर्किट क्षमता ५००/०.०४५ = ११,१११ केव्हीए. भागिले २२५, त्याचं वर्गमूळ ७.०३. सगळे स्टेप (कपॅसिटरचे गट) चालू झाले की रेझोनन्स (ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर मिळून एखादा हार्मोनिक वाढवतात तो) नेमका सातव्यावर! कपॅसिटर फुगतील, फ्यूज उडत राहतील. एपीएफसीत स्टेप बदलतील तसा हा आकडाही सरकतो, म्हणून प्रत्येक स्टेपला तपासा. उपाय म्हणजे ७% डीट्यून्ड रिअ‍ॅक्टर (कपॅसिटरच्या सिरीजमध्ये लावायची कॉइल), ट्यूनिंग १८९ हर्ट्झ, म्हणजे पाचव्याच्या २५० हर्ट्झच्या खाली.

पॅनेलवाला: कपॅसिटर तेच ठेवू? आणि १४% का नको?

फीडर११: ७% रिअ‍ॅक्टरने कपॅसिटरवरचं व्होल्टेज ४१५ वरून ४४६ होतं, म्हणून ४४० चे काढा, किमान ४८० चे घ्या. १४% (१३४ हर्ट्झ) तिसरा हार्मोनिक जास्त असेल तेव्हा, म्हणजे सिंगल फेज लोड मोठा असेल तर. तीन फेजच्या ड्राइव्हवर तिसरा दिसला तर आधी फेज व्होल्टेजचा असमतोल मोजा.