सातवीच्या विज्ञान प्रकल्पासाठी सल्ला हवा: भूपट्ट आणि केंदाळ एकाच चार्टवर

सातवीची_आई:
नमस्कार. आम्ही राजारामपुरीत राहतो, मुलगी सातवीत आहे. पुढच्या सोमवारी तिला विज्ञानाचा प्रकल्प द्यायचाय. चार्ट एक आणि विषय दोन: भूपट्टांची (पृथ्वीच्या वरच्या कठीण कवचाच्या मोठमोठ्या तुकड्यांची) हालचाल, आणि आक्रमक परदेशी प्रजाती. शिवाय वर्गासमोर पाच मिनिटं बोलायचं आहे.

गेल्या वर्षी वेळ नव्हता म्हणून दुकानातून थर्माकोलचा तयार ज्वालामुखी आणून दिला होता. वर्गात तसलेच आणखी चार आले. बाईंनी तिला "लाव्हा थंड झाल्यावर त्याचं काय होतं?" एवढंच विचारलं आणि तिला सांगता आलं नाही. त्या रात्री ती जेवली नाही. आपल्या पायाखालचा काळा दगड म्हणजेच थंड झालेला लाव्हा, हे मला नंतर कळलं तेव्हा फार वाईट वाटलं. यंदा तिने स्वतः बघावं, स्वतः करावं अशी इच्छा आहे.

स्वयंपाकघरात जमेल असा एखादा प्रयोग सुचवा. रविवार मोकळा आहे, स्कूटरवरून जाऊन येण्यासारखी जागा सांगा. आणि तिचा स्वतःचा एक प्रश्न आहे: "आई, जमीन सरकते आणि तण वाढतं, ह्या दोन्हींचा एकमेकांशी काय संबंध? एकत्र का दिलं?" ह्याचं उत्तर मला सापडलेलं नाही.

काहील_आणि_चुलाण:
ताई, प्रयोग आपल्या गुऱ्हाळातच आहे की. दिवाळी झाली, गुऱ्हाळं सुरू झालीत. काहिलीत रस उकळायला लागला की मधून उसळी मारतो आणि वरची मळी कडेला ढकलली जाते. कडेला ती साचते, तिला सुरकुत्या पडतात. मधली उसळी म्हणजे समुद्राखालची पर्वतरांग, कडेची सुरकुती म्हणजे हिमालय, असं मी माझ्या भाच्याला दाखवलं होतं. त्याच्या चटकन डोक्यात बसलं. फक्त पोरीला काहिलीपासून लांब उभी करा, चटका लई वाईट बसतो.

गुऱ्हाळ लांब पडत असेल तर पसरट पातेल्यात दूध तापवा, निवू द्या, जाड साय धरू द्या. मग साय मधून कापा आणि दोन्ही तुकडे चमच्याने एकमेकांवर हळू ढकला. कुठं घडी पडते, कुठं एक तुकडा दुसऱ्याच्या खाली जातो. तिन्ही प्रकारच्या सीमा एकाच पातेल्यात दिसतात: लांब जाणारी, धडकणारी, घासत जाणारी. फोटो काढून चार्टवर लावा.

जुना_खडू:
ताई, मी तीस वर्षं भूगोल शिकवला. वरचा प्रयोग जरूर करा, पण त्यासोबत एक चूक हमखास वहीत उतरते, ती आधीच रोखा. मुलं लिहितात की भूपट्ट वितळलेल्या लाव्हारसावर तरंगतात. तसं नाही. खालचं प्रावरण, म्हणजे कवचाखालचा जाड थर, बहुतांश घन आहे. ते वाहतं, पण अतिशय सावकाश. डांबराचा गोळा आठवा. हातोडा मारला तर फुटतो, आणि तोच नुसता ठेवून दिला तर कालांतराने पसरतो. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड विद्यापीठात १९२७ साली एका नरसाळ्यात असं डांबर भरून ठेवलं, त्यातून आजवर जेमतेम नऊ थेंब पडलेत. मुलांना हे फार आवडतं, बोलताना सांगू दे तिला. आणखी एक: भूपट्ट फक्त खालून ढकलले जात नाहीत. समुद्राखालच्या पट्टाची थंड, जड झालेली कड खाली बुडते आणि मागच्या सगळ्या पट्टाला ओढत नेते. ही ओढ फार मोठी असते.

वेग सांगताना नुसतं "वर्षाला सुमारे ५ सेंटीमीटर" लिहिलं तर ते कुणाच्या लक्षात राहत नाही. नखं जवळपास त्याच चालीने वाढतात, हे एक. आणि कोल्हापूरचं उदाहरण घ्या: शाहू महाराज १८९४ साली गादीवर आले. तेव्हापासून १३० वर्षं धरली तर आपण, रंकाळ्यासकट, अंबाबाईच्या देवळासकट, सुमारे साडेसहा मीटर ईशान्येकडे सरकलो आहोत. हा गुणाकार तिला स्वतः करू द्या.

आता तिच्या प्रश्नाकडे येतो. प्रश्न फार चांगला आहे, आणि माझ्या मते प्रकल्पाचा कणा तोच असावा.

एके काळी सगळी खंडं जोडलेली होती. दक्षिणेकडच्या भागाला गोंडवन म्हणतात, आणि हे नाव आपल्या गोंडांच्या मुलखावरून आलं आहे. विदर्भातल्या कोळशाच्या थरांत ग्लोसोप्टेरिस नावाच्या झाडाची पानं सापडतात, तीच पानं आफ्रिकेत, ऑस्ट्रेलियात, अंटार्क्टिकात, दक्षिण अमेरिकेतही. मग जमीन फाटली. मादागास्कर आपल्यापासून सुटलं त्याला सुमारे ९ कोटी वर्षं झाली. आपला तुकडा उत्तरेकडे येत असताना एका तप्तस्थळावरून (खोलवरून तापलेला खडक वर येतो अशा जागेवरून) गेला आणि सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरले. तोच आपला काळा पाषाण. ते तप्तस्थळ आज रीयुनियन बेटाखाली आहे, तिथला ज्वालामुखी अजून जिवंत आहे. पुढे सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आपण आशियाला धडकलो.

प्रत्येक तुकड्यावरचे जीव मधल्या कोट्यवधी वर्षांत आपापल्या वाटेने घडले. झाड घडलं तसा त्याला खाणारा किडा घडला, त्याला लागणारा रोगही घडला. सगळा हिशोब त्या त्या जागी जुळलेला. केंदाळ, म्हणजे पाण्यावर तरंगणारी जलपर्णी, मूळचं दक्षिण अमेरिकेतलं, ॲमेझॉनच्या खोऱ्यातलं. माणसाने फुलं सुंदर म्हणून ते जहाजात घालून जगभर नेलं. झाड आलं, त्याला खाणारे सोंडकिडे तिकडेच राहिले. भूपट्टांनी कोट्यवधी वर्षं जे वेगळं ठेवलं होतं ते जहाजांनी दोन-तीनशे वर्षांत एकत्र केलं. दोन्ही धड्यांचा संबंध इथे आहे.

रानमोडी_उपटा:
सरांनी मुद्दा नेमका सांगितला. त्यात एक भर. आपला तुकडा आशियाला धडकल्यावर जीव इकडून तिकडे आणि तिकडून इकडे गेलेच. त्यांना आक्रमक परदेशी म्हणत नाहीत. व्याख्येत दोन गोष्टी हव्यात: माणसाने आणलेली, आणि इथल्या जिवांचं, शेतीचं किंवा माणसांचं नुकसान करणारी.

दुसरी अट मुलांकडून हमखास सुटते. परदेशी म्हणजे वाईट असं लिहून मोकळी होतात. तांबड्या रश्श्यातली मिरची कुठली? अमेरिका खंडातली, पोर्तुगिजांबरोबर आलेली. शेंगदाणा, मका, बटाटा, टोमॅटो, तंबाखू हे सगळं तिकडचंच. मिरची कधी बांध ओलांडून रानात माजली नाही. चार्टवर दोन रकाने करायला सांगा: परदेशी पण निरुपद्रवी, आणि परदेशी व आक्रमक. मिरची पहिल्यात, गाजर गवत दुसऱ्यात. कोल्हापूरच्या वर्गात मिरचीचं उदाहरण दिलं की सगळे कान टवकारतील.

माझं काम राधानगरीच्या बाजूला असतं. तिथे रानमोडी आणि घाणेरी ह्या दोन परदेशी झुडपांनी वाटा बंद केल्यात. घाणेरी इंग्रजांनी बागेच्या कुंपणासाठी आणली. खाली गवत उगवत नाही, मग गव्यांना चरायला काय? हे रोज बघतो म्हणून पोटतिडकीने लिहितोय.

पन्हाळा_रस्ता:
रविवारसाठी पन्हाळा. वीस किलोमीटर, स्कूटरवरून आरामात. चढणीला रस्त्यासाठी डोंगर कापलाय तिथं काळ्या दगडाचे थर दिसतात, एकावर एक. काही थरांत वायूचे बुडबुडे अडकून झालेल्या पोकळ्या असतात, त्यात पांढरे स्फटिक. वर पोचलात की दगड तांबडा, भोकाभोकांचा. तो जांभा. वेगळा कुठून आलेला नाही, काळ्या पाषाणावरच पाऊस आणि ऊन लागून लागून लोह मागं राहिलं आणि तो तांबडा झाला. बाईंच्या गेल्या वर्षीच्या प्रश्नाचं उत्तर एका चढणीत मिळतं बघा. आणि त्याच रस्त्याच्या कडेला घाणेरी, गाजर गवत, रानमोडी, सगळी हजर. येताना पंचगंगा घाटावर थांबा, केंदाळ बघा. वळणावर गाडी उभी करू नका.

मळीचं_रान:
शिरोळ तालुक्यातला शेतकरी आहे. केंदाळाबद्दल मी सांगतो. आमच्याकडे तेरवाड बंधाऱ्याला ते येऊन अडतं आणि नदी आहे का कुरण आहे ते कळत नाही. वरून हिरवंगार, खाली काळं पाणी. ऊन आत जात नाही, पाण्यातला प्राणवायू कमी होतो, मासं मरतं. मोटरीच्या फुटव्हॉल्व्हला गुंडाळतं ते वेगळंच. पण पोरीला एक सांगा: सगळा दोष त्या झाडाचा नाही. शहरांचं आणि कारखान्यांचं सांडपाणी नदीत येतं, ते त्याचं खत. स्वच्छ वाहत्या पाण्यात ते एवढं माजत नाही.

त्याची वाढ गणितात दाखवा. चांगलं खत मिळालं की साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होतं. १० रोपांपासून सुरुवात केली तर वीस आठवड्यांत १०,२४०. आलेख काढला की वर्ग गप्प बसंल.

नमुना म्हणून रोप घरी नेऊ नका. नेलंच तर नंतर विहिरीत, ओढ्यात टाकू नका. उन्हात पूर्ण वाळवा.

सातवीची_आई:
तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. "आक्रमक म्हणजे माणसाने आणलेली आणि नुकसान करणारी" हे तिने लगेच वहीत लिहिलं. दोन शंका. रंकाळा भूकंपातून तयार झाला असं सासूबाई सांगतात, ते चार्टवर घालू का? आणि कोयनेचा भूकंप भूपट्टांच्या सीमेवरचा का?

जुना_खडू:
रंकाळ्याच्या जागी दगडाची खाण होती आणि भूकंपाने झरे फुटून तळं झालं, असं मीही लहानपणापासून ऐकत आलो. लिहायचं असेल तर "आख्यायिका" असा शब्द वापरून, पुराव्याच्या रकान्यात नको. सासूबाईंकडून ऐकलं असंही लिहू द्या, माहिती कुठून आली ते सांगणं हा विज्ञानाचाच भाग.

कोयना सीमेवर नाही. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट मला आठवते. मी पाच वर्षांचा होतो, फळीवरची भांडी धडाधड खाली आली आणि आईने मला उचलून अंगणात धाव घेतली. कोयनेच्या बाजूला दीडशेच्या वर माणसं गेली. धरणाच्या जलाशयात साठलेल्या पाण्याने खालच्या जुन्या भेगांना चालना मिळाली, असं मानतात, आणि जगात ह्या प्रकारच्या भूकंपाचं उदाहरण म्हणून कोयनेचं नाव घेतात. किल्लारी, ३० सप्टेंबर १९९३, तोही पट्टाच्या आतलाच. भूकंप फक्त सीमेवर होतात असं पाठ करून गेलेल्या मुलाला मी नेहमी हे दोन प्रश्न विचारायचो. घरात कुणी १९६७ पाहिलेलं असेल तर तिला मुलाखत घेऊ द्या.

नकाशा_वेडी:
मी भूशास्त्र शिकते. अमेरिकेच्या भूसर्वेक्षण खात्याच्या संकेतस्थळावर गेल्या तीस दिवसांतले भूकंप दिसतात. ४.५ तीव्रतेच्या वरचे निवडा आणि जगाच्या कोऱ्या नकाशावर तिला ठिपके द्यायला लावा. तासाभरात पट्टांच्या सीमा आपोआप उमटतात, छापील नकाशा चिकटवायची गरजच नाही.

आणि जर्मन शास्त्रज्ञ वेगेनरसोबत समुद्रतळाचे नकाशे काढणाऱ्या मेरी थार्पचं नाव घालाच. वेगेनरने १९१२ साली खंडं सरकतात असं मांडलं, पण त्यांना कोण सरकवतं हे सांगता आलं नाही म्हणून कुणी ऐकलं नाही. तो १९३० साली ग्रीनलंडमध्ये वारला. थार्पबाईंनी १९५० च्या दशकात समुद्रतळाच्या खोलीच्या नोंदी कागदावर उतरवल्या आणि अटलांटिकच्या मधोमध पर्वतरांगेला उभी चीर सापडली. बाई म्हणून त्यांना तेव्हा संशोधन जहाजावर जाऊ देत नव्हते, सगळं काम टेबलावर बसून केलं. तुमच्या मुलीला हे कळायलाच हवं.

रानमोडी_उपटा:
मोजणीसाठी: सुतळीचा एक मीटर बाय एक मीटर चौकोन करा, मोकळ्या प्लॉटवर पाच ठिकाणी टाका, आत गाजर गवत किती आणि बाकी किती ते मोजा. हात लावू नका, अंगावर पुरळ उठतं, दम्याच्या माणसाला फार त्रास होतो. पुण्यात १९५५-५६ च्या सुमारास ते नजरेत आलं. आयात गव्हातून आलं असं सांगतात. त्याला खाणारा मेक्सिकन भुंगा १९८४ मध्ये आपल्याकडे मुद्दाम सोडला, पावसाळ्यात पानांवर दिसतो. सरांनी सांगितलेला "खाणारा मागे राहिला" हा मुद्दा ह्या भुंग्याने पक्का होतो.

घरी मत्स्यटाकी असेल तर एवढंच सांगा: मासे नको झाले म्हणून रंकाळ्यात सोडायचे नाहीत. चिलापीसुद्धा परदेशीच, आफ्रिकेची, १९५२ साली देशात आणलेली.

सातवीची_आई:
रविवारी जाऊन आलो. पन्हाळ्याच्या चढणीला तिने काळ्या दगडावर हात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. पोकळीतला पांढरा स्फटिक तिलाच आधी दिसला. चौकोनाची मोजणी घराजवळच्या प्लॉटवर केली: पाच चौकोनांत गाजर गवताची ६३ रोपं, बाकी सगळं मिळून २२. साईचा प्रयोग दोनदा फसला, साय पातळ होती. तिसऱ्यांदा म्हशीचं दूध घेतलं तेव्हा जमलं. सासूबाईंनी १९६७ बद्दल अर्धा तास सांगितलं, मीही ते पहिल्यांदाच ऐकलं.

चार्टच्या मधोमध तिने एक जहाज काढलंय. डावीकडे फाटणारी खंडं, उजवीकडे केंदाळाने भरलेला बंधारा. सर, साडेसहा मीटरचा गुणाकार तिने केला, पण आता विचारतेय की मग पन्हाळाही तेवढाच सरकला का, की आपल्यापासून लांब गेला?

जुना_खडू:
पन्हाळाही तेवढाच सरकला. कोल्हापूर आणि पन्हाळा एकाच पट्टावर आहेत, एका बोटीतल्या दोन माणसांसारखे. अंतर वीसच किलोमीटर राहिलं. तिबेटपासूनचं अंतर मात्र कमी झालं. आणि साडेसहाच्या आधी "सुमारे" लिहायला सांगा.