मुलाला इंग्रजी येतं, हे तुम्हाला नेमकं कधी कळलं?

नमस्कार. मी नागपुरात राज्य मंडळाच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. यंदा 22 वर्षं होतील.

परवा दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर तपासत होते. रसग्रहणाला रवींद्रनाथांची प्रार्थना होती, ज्यात ते देशासाठी निर्भय मन मागतात ती. रसग्रहणाचे मुद्दे ठरलेले असतात: शीर्षक, कवी, यमकरचना, अलंकार, आशय. मुलं या मुद्द्यांचा साचा पाठ करून येतात आणि समोर येईल ती कविता त्यात बसवतात. 58 पैकी 40-एक मुलांनी लिहिलं होतं, 'ऱ्हाइम स्कीम एएबीबी.' ती कविता मुक्तछंदात आहे, तिच्यात यमक नाहीच. वर्गात हे मी फळ्यावर लिहून सांगितलं होतं.

एका मुलाने मात्र लिहिलं होतं, 'नो ऱ्हाइम. व्हेन वी प्रे फ्रॉम हार्ट, वी नॉट सर्च ऱ्हाइम.' बाकी अलंकाराचं नाव नाही, स्पेलिंगच्या चार चुका. कविता वाचली होती ती या एकाने, आणि साच्याप्रमाणे गुण द्यायचे तर त्याला 5 पैकी 2 मिळत होते. त्याचा पेपर मी तीनदा बाजूला काढून ठेवला. शेवटी 4 दिले, पण बोर्डात त्याला कोण 4 देईल, हे डोक्यातून जात नाही.

म्हणून हा धागा. शिकवणारे, तपासणारे, पेपर दिलेले, पालक, सगळ्यांनी लिहा. इंग्रजी येतं की नाही हे तुम्हाला कशावरून कळलं, आणि परीक्षेला ते कळलं का? शाळेचं किंवा मुलाचं नाव कृपया कुणी लिहू नका.

बोर्डाचे पेपर तपासणारे एक सर, काटोल रोड

मॅडम, तुमच्या मुलाचा पेपर माझ्या गठ्ठ्यात आला असता तर मी 2 दिले असते. लाज वाटते लिहायला, पण खरं तेच लिहितो.

मार्चअखेरीस नागपूरचं ऊन तुम्हाला माहीत आहे. दुपारी कूलर लावून बसायचं, शेजारी नमुना उत्तरं ठेवायची, आणि गठ्ठा ठरल्या दिवशी मॉडरेटरकडे, म्हणजे आमची तपासणी पुन्हा पाहणाऱ्याकडे, पोचवायचा. पेपर विभागातल्या सहा जिल्ह्यांपैकी कुठलाही असू शकतो. नागपूरचा, वर्ध्याचा, भंडाऱ्याचा, गोंदियाचा, चंद्रपूरचा, नाहीतर गडचिरोलीचा. नाव नाही, गाव नाही. लिहिणारा मुलगा की मुलगी, तेही कळत नाही. विसाव्या पेपरानंतर डोळा वाचत नाही, मुद्दे शोधतो. मुद्दा दिसला की बरोबरची खूण.

एका वर्षी तक्रारीचं पत्र होतं. पाणी वेळेवर येत नाही, एवढाच विषय. गठ्ठ्यातली बहुतेक पत्रं एकाच अपेक्षित प्रश्नसंचातून उतरलेली होती, अगदी 'इनकन्व्हीनियन्स'च्या स्पेलिंगमधली चूकही सगळीकडे सारखी. मग एक पत्र आलं. त्यात विषयाची ओळ नव्हती, तारीखही नव्हती. लिहिलं होतं की टँकर रात्री दोनला येतो, आई जागी राहते, सकाळी ती शेतावर झोपेतच चालते, म्हणून टँकर संध्याकाळी पाठवा. सहा वाक्यं. पाच मोडकी, पण ज्या साहेबाला हे पत्र गेलं असतं त्याला काय करायचं ते कळलं असतं. पत्र कशासाठी लिहायचं असतं, हे त्या मुलाला ठाऊक होतं.

मी 5 पैकी 4 दिले. मॉडरेटर सरांनी बोलावून विचारलं, फॉरमॅट कुठे आहे? मी त्यांना पत्र मोठ्याने वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत. गुण तसेच राहिले. पण मॅडम, ते पत्र गठ्ठ्यात वरच्या पाचांत होतं म्हणून मी वाचलं. खाली असतं तर?

एक आई, प्रतापनगर

माझी मुलगी सीबीएसईला होती, मागच्या वर्षी दहावी झाली. त्यांच्या विषयाचं नावच इंग्रजी भाषा आणि साहित्य, कोड 184. लेखी 80 गुणांचं, त्यातले 40 साहित्याला. आता बरेचसे प्रश्न उतारा देऊन विचार करायला लावणारे असतात, त्यामुळे नुसतं पाठ करून भागत नाही. लेखी पेपराबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार बोलण्याच्या परीक्षेबद्दल आहे. शाळेकडच्या 20 गुणांतले 5 ऐकण्या-बोलण्याचे. वर्गात 45 मुलं, आणि सगळ्यांची परीक्षा दोन तासिकांत उरकली. एकेकाला मिनिटभर. विषय आधीच दिलेला, मुलांनी घरून पाठ करून आणलेला. माझ्या मुलीला 5 पैकी 5.

त्याच महिन्यात माझा भाचा बंगळूरहून त्याच्या मित्राला घेऊन आला. मित्राला मराठी येत नव्हती, हिंदी जेमतेम. मुलीला म्हटलं, यांना झीरो माइलचा दगड दाखवून आण. ती कोपऱ्यात जाऊन मला म्हणाली, 'आई, तू चल ना, मला बोलता नाही येणार.' पाचात पाच मिळवलेली मुलगी. शाळेत मैत्रिणींशी हिंदी, घरी मराठी, इंग्रजी फक्त वहीत. तरी मी तिला पाठवलंच. परत आली तेव्हा झीरो माइलच्या दगडावर कोणत्या गावांची अंतरं कोरली आहेत, हे दोघांचं इंग्रजीत चाललं होतं. अडखळत का होईना, पण चाललं होतं. तिची परीक्षा त्या दिवशी झाली असं मी मानते.

2019 च्या बॅचचा एक जण, उमरेडकडचा

वरच्या काकूंचं वाचून लिहावंसं वाटलं. आमच्या वर्षी बोर्डाने भाषांच्या तोंडी परीक्षेचे 20 गुण काढून टाकले होते. सगळं लेखीवर. राज्याचा निकाल आदल्या वर्षीच्या 89.41 टक्क्यांवरून 77.10 वर आला, आणि आपला नागपूर विभाग 67.27 टक्क्यांवर, राज्यात सर्वांत खाली. त्या राहिलेल्या पोरांत मी होतो. इंग्रजीत नापास.

निकालाच्या दिवशी आईने एकच विचारलं, 'नववीत तर तोंडीत अठरा होते ना बाप्पा?' होते. ते कसे मिळाले ते आज सांगतो. सरांनी धड्यातल्या दोन ओळी वाचायला सांगितल्या. मी त्या आधी मित्राकडून देवनागरीत लिहून घेतल्या होत्या आणि पुस्तकात पेन्सिलने बारीक लिहून ठेवल्या होत्या. मला इंग्रजी वाचता येत नव्हतं. नववीत. सरांना हे माहीत नव्हतं असं मला वाटत नाही. चांगले होते ते, पोराचं वर्ष जाऊ नये असं त्यांना वाटायचं. पण कोणी मला पाचवीत, सातवीत सांगितलं असतं की तुला वाचता येत नाही, तर मी शिकलो असतो. दहावीच्या निकालाने सांगितलं.

पुढच्या वर्षापासून ते 20 गुण परत आले आणि निकालही वर गेला. बरं झालं म्हणू की नको, माझं मलाच समजत नाही. माझ्यासारखी पोरं वाचली, हे खरं. त्यांना वाचता येतं का, हे कोणी पाहिलं?

जुलैच्या फेरपरीक्षेत पास झालो, 41 गुण. पण वाचायला शिकलो ते नंतर, नागपूरला सीताबर्डीच्या बाजारात, मोबाइल रिपेअरिंगच्या दुकानात. स्क्रीनवर काय लिहून येतं ते वाचल्याशिवाय फोन दुरुस्तच होत नाही. पहिले सहा महिने एकेक शब्द मालकाला विचारला. आता कंपनीला मेल मीच लिहितो.

धागाकर्ती

उमरेडच्या दादा, तुमचं लिहिणं मी आज स्टाफरूममध्ये वाचून दाखवलं. आम्ही सगळ्यांनीच कधी ना कधी असे अठरा दिले आहेत. मीसुद्धा.

2000 साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, तेव्हा मी नोकरीला लागलेही नव्हते. दहा वर्षं शिकून मुलं येतील, मग दहावीला आम्हाला कविता शिकवता येईल, असं आमच्या ज्येष्ठ बाई म्हणायच्या. आज दहा वर्षं शिकलेलाच मुलगा समोर बसतो, आणि त्याला वाचता येत नाही हे त्याच्या गुणपत्रकांत कुठेही नोंदलेलं नसतं.

एक शिक्षिका, रामटेक तालुका

आमची शाळा मराठी माध्यमाची. ऐकण्याची परीक्षा म्हणजे बाईंनी उतारा वाचायचा आणि मुलांनी पुस्तकात बघत उत्तर द्यायचं, असंच चालायचं. मी ठरवलं की खरं काहीतरी ऐकवायचं. नागपूर स्टेशनवर जाऊन फोनवर इंग्रजी घोषणा रेकॉर्ड करून आणल्या. गाडी कुठली, किती वाजता, कोणत्या फलाटावर. नववीची 34 मुलं. जवळजवळ सगळ्यांना 10 पैकी 8 च्या वर! मी फार खूश झाले, मुख्याध्यापकांनाही सांगितलं.

घरी आल्यावर यजमान म्हणाले, 'अगं, तीच घोषणा मराठीत आणि हिंदीत होते. पोरांना ती पाठ आहे. आकडे तेवढे पकडले त्यांनी.' बरोबर होतं. मी इंग्रजी तपासलंच नव्हतं, रेल्वेची सवय तपासली होती.

मग यजमानांच्याच आवाजात दुसरं रेकॉर्डिंग केलं. साधी बसची सूचना: आज चारची गाडी मनसरला थांबणार नाही, मनसरच्या प्रवाशांनी साडेचारच्या गाडीने जावं. प्रश्न एकच, तुम्हाला मनसरला उतरायचं आहे, किती वाजता निघाल? 28 जणांनी चार लिहिलं. 'मनसर' ऐकलं, 'फोर' ऐकलं, झालं. 'वोन्ट', म्हणजे 'थांबणार नाही'मधला 'नाही', कोणाला ऐकूच आला नाही. बरोबर आलेल्या सहांत एक मुलगी होती, जी वर्गात तोंड उघडत नाही आणि जिला मी नेहमी काठावर पास करायची. मी तिला विचारलं, तुला कसं कळलं? म्हणाली, 'मॅडम, थांबणार असती तर दुसरी गाडी कशाला सांगितली असती?'

एक चांगलंही सांगते. मराठी माध्यमाला इंग्रजी ही तृतीय भाषा; तिच्या पेपरात 5 गुण भाषांतराला असतात, शब्द, वाक्यं आणि वाक्प्रचार किंवा म्हण आपल्या माध्यमाच्या भाषेत आणायची. तिथे आमची मुलं खुलतात. 'टू बी ऑल इअर्स'ला कोणी 'लक्षपूर्वक ऐकणे' लिहितं, कोणी 'कानात प्राण आणून ऐकणे'. हे दुसरं लिहिणाऱ्याला दोन्ही भाषा कळल्या, असं मी समजते.

लेखनिक म्हणून बसलेली एक मुलगी, आता कॉलेजात, नंदनवन

मी नववीत असताना दहावीच्या एका दृष्टिहीन दादाची लेखनिक होते. लेखनिक खालच्या वर्गातला लागतो, म्हणून मी. तीन तासांच्या पेपरला त्याला एक तास जास्त होता.

मला वाटलं होतं, तो उत्तर सांगेल आणि मी लिहीन. पहिल्याच वाक्याला त्याने मला थांबवलं. मी 'बिलीव्ह' लिहिलं होतं. तो म्हणाला, 'स्पेलिंग मी सांगतो, तू तुझ्या मनाने लिहू नको.' आणि त्याने अवघड वाटणारा प्रत्येक शब्द अक्षर-अक्षर करून सांगितला. एकदा त्याचं स्पेलिंग चुकलं. मला बरोबर माहीत होतं. मी पेन थांबवलं, तर म्हणाला, 'जे सांगितलं तेच लिही.' मी चुकीचं लिहिलं, आणि हात कापत होता माझा.

मग विरामचिन्हांचा प्रश्न आला. वाक्य बिनचिन्हांचं छापलेलं असतं, मुलाने चिन्हं घालायची. मी वाचून दाखवलं, तर तो हसला. म्हणाला, 'तुझ्या आवाजात प्रश्नचिन्ह आलं. सपाट वाच.' मला सपाट वाचता येईना. वाक्य कळलं की आवाज आपोआप वर जातो. चार वेळा वाचलं, शेवटी एकेक शब्द सुटा करून, मध्ये थांबत वाचला, तेव्हा त्याने उत्तर सांगितलं. पर्यवेक्षक मॅडम बाजूला उभ्या राहून बघत होत्या.

त्याला किती गुण मिळाले ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही. पण पुढच्या वर्षी माझ्या स्वतःच्या दहावीला, विरामचिन्हांच्या प्रश्नात मी ते वाक्य मनात त्याच्यासारखंच, आधी सपाट वाचलं.

धागाकर्ती

गुरुवारी माझ्या नववीची घटक चाचणी आहे. रसग्रहणाचे पाच मुद्दे मी काढून टाकलेत. त्यांनी कधी न पाहिलेली आठ ओळींची कविता देणार आहे आणि दोनच प्रश्न. यातली कोणती ओळ तुम्हाला दुसऱ्यांदा वाचावी लागली? का? उत्तर मोडक्या इंग्रजीत चालेल, हे प्रश्नपत्रिकेवर लिहिलंय. तपासायला वेळ लागणार, तीन रविवार जातील बहुतेक.

रामटेकच्या मॅडम, ते मनसरच्या बसचं रेकॉर्डिंग मला पाठवाल का? आमची मुलं इंग्रजी माध्यमाची आहेत. तरीही 'वोन्ट' किती जणांना ऐकू येतं, ते मला बघायचंय.